पुडीवरचं नाव

सुंठेचा अख्खा कुडा डब्याच्या तळाशी वर्षभर पडून राहिला, तरी फोडून नाकाशी धरला की तोच झणझणीत वास येतो. तोच कुडा कुटून, वस्त्रगाळ करून ठेवला की त्याचं आयुष्य एकदम आखूड होतं. हळकुंड आणि हळद, जिरं आणि जिरेपूड, जवस आणि जवसाची पूड, सगळीकडे हेच. कारण साधं आहे. एक सेंटिमीटर बाजूचा घनाकार तुकडा घेतला, तर हवा लागते ती त्याच्या ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाला. त्याच तुकड्याचे दशांश मिलिमीटर बाजूचे कण केले, तर वजन तेवढंच राहतं. हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग मात्र ६०० चौरस सेंटिमीटर होतो. हवा, ओल, उजेड आणि ऊब यांना शिरायला शंभरपट जागा मिळते. पूड ही पदार्थाची सर्वांत हळवी अवस्था आहे असं मला वाटतं, आणि आज घरोघरी फळीवर ओळीनं उभे असलेले पोषक पावडरींचे डबे पाहिले की त्यांच्या या हळवेपणाची काळजी वाटते.

जुन्या वैद्यांना हे पक्कं ठाऊक होतं. शार्ङ्गधरसंहितेत कुठलं औषध किती काळ वीर्य धरून राहतं, याचा हिशेब दिला आहे. गोळ्या आणि अवलेह वर्षभर, आसवं तर जुनी होतील तशी अधिक गुणाची. आणि चूर्ण फक्त दोन महिने. रबरी कडीची झाकणं आणि आतून चंदेरी मुलामा दिलेल्या पिशव्या नव्हत्या, त्या काळातला हा हिशेब आहे. आजच्या डब्यावर छापलेली मुदत त्याहून कितीतरी लांब असते. पण ती मुदत सील न फोडलेल्या डब्याची असते. सील फुटलं, झाकण रोज उघडू लागलं, की छापलेल्या तारखेपेक्षा आपल्या हाताची शिस्त जास्त महत्त्वाची ठरते.

आमच्याकडच्या जुन्या बायकांनी या अडचणीतून वेगळीच वाट काढली होती. बाळगुटीची एकही मुळी दळून ठेवलेली नसे. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सगळं अख्खं, डबीत कोरडं. सहाण धुवून घ्यायची, थेंबभर दूध टाकायचं आणि मुळी मोजून उगाळायची. मात्रा वजनानं सांगत नसत, वेढ्यांनी सांगत: जायफळाचा एक वेढा, हिरड्याचे दोन. मूल वाढेल तसे वेढे वाढत. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका, असं आज बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते ऐकायलाच हवं. पण अख्खं जपावं, लागेल तेवढंच उगाळावं आणि मात्रा डोळ्यांसमोर मोजावी, ही जी पद्धत त्या डबीभोवती होती, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता पूड दुसऱ्याच कुणीतरी केलेली असते आणि ती मोठ्या डब्यातच येते. माझे वडील मोठ्या आजारातून उठले तेव्हा स्नायू इतके झडले होते की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांचे मूत्रपिंडाचे रिपोर्ट तपासले आणि मग दूध फाटून सुटणाऱ्या निवळीतल्या प्रथिनांची, म्हणजे व्हे प्रोटीनची, पावडर सुरू केली. आईची इसबगोलाची भुकटी आधीपासून होतीच. पुढे ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी आली. व्यायामशाळेत जाणाऱ्या भाच्याची क्रिएटिनची बरणीही सुट्टीत त्याच फळीवर येऊन बसली. आई-वडील दापोलीकडे गावी, मी ठाण्यात. दोन किलोचा डबा घेतला तर तो किलोमागे बराच स्वस्त पडतो, म्हणून डबा ठाण्यात घ्यायचा, निम्मी पावडर गावी पाठवायची, उरलेली ते आमच्याकडे राहायला येतात तेव्हासाठी ठेवायची, असं सुरू झालं. मोठ्या डब्याचे छोटे डबे करणं हे काम त्या दिवसापासून माझ्याकडे आलं आणि ते मी फार मनापासून करते.

ते करताना मला आमच्या गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका दिसतात. मधल्या खिडकीमागे त्यांचं टेबल असे. वर चिनी मातीची पांढरी लादी, एक बोथट पात्याची सुरी, पितळी तराजू आणि एकसारख्या चौकोनांत कापलेल्या कागदांची चवड. ते गोळ्या खलात कुटत, पूड लादीवर काढत, सुरीच्या पात्यानं तिची सरळ लांबट पट्टी करत आणि मग पट्टीचे निम्मे, निम्म्याचे निम्मे असे भाग पाडत. भाग पाडून झाल्यावर क्षणभर मान वाकडी करून लादीच्या पातळीवरून पाहत, एखादा ढीग उंच दिसला तर पात्याच्या टोकानं चिमूटभर इकडचं तिकडे. कागदाची एक कड दुमडायची, पूड मधोमध घ्यायची, दुसरी कड पहिलीत अडकवायची, दोन्ही टोकं आत वळवून एकमेकांत खोचायची. डिंक नको, दोरा नको. आणि पुडी उलटी धरून हलवली तरी कणही बाहेर पडत नसे. ओल धरणारं औषध असलं तर आत मेणकागद, बाहेर पांढरा.

पुडी देताना मात्र त्यांचा हात सैल होत नसे. “कुणाची?” असं विचारत.

“आजीची.”

“आजीचं नाव सांग.”

गाव एवढंसं. आजीला ते जन्मभर ओळखत होते, आणि मलाही. तरी पूर्ण नाव मोठ्यानं सांगितल्याशिवाय पुड्या खिडकीबाहेर येत नसत. मग प्रत्येक पुडीवर ते शिसपेन्सिलनं लिहीत: सकाळ, दुपार, रात्र. लिहून झालं की मलाच वाचायला लावत. मोठ्या माणसाच्या औषधाचं काम पोराकडे सोपवताना ते त्या पोराला जबाबदार धरत होते, हे त्या वयातही कळायचं आणि घरी जाताना चाल आपोआप सांभाळून पडायची.

पुडीचं सामर्थ्य किती असू शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच देशात घडलं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, आणि ते देणारे हात त्याहून कमी. डॉ. दिलीप महालनोबिस तेव्हा कोलकात्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करत. त्यांनी तोंडावाटे द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यावर भरवसा टाकला. पण छावणीत एवढं मीठ-साखर मोजणार कोण? म्हणून केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत तराजू मांडले गेले. एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, या प्रमाणात पूड तोलायची, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायची, पिशवीचं तोंड गरम इस्त्रीनं चिकटवायचं, वर चिठ्ठी लावायची. छावणीत पिंपात पाणी घेऊन पिशवी ओतायची आणि रोग्याच्या नातेवाइकांनी पेल्यापेल्यानं पाजायचं. लिटरमागे खर्च ११ पैसे. शंभरांतले तीसेक दगावत होते, तो आकडा या उपचाराखालच्या रोग्यांत साडेतीनच्या आसपास आला. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ही हकीकत सांगताना लोक द्रावणाच्या शोधाविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या ग्रंथालयाच्या खोलीतले तराजू आणि इस्त्री महत्त्वाची वाटते. विद्या होतीच, ती चिखलात बसलेल्या अडाणी आईच्या हातात पोचली ती आधीच तोललेल्या, बंद केलेल्या, चिठ्ठी लावलेल्या पिशवीमुळे. मोजणाऱ्यानं मोजण्याचं ओझं स्वतःवर घेतलं म्हणून पाजणारीला फक्त पाजायचं उरलं. पुढची गोष्टही पुडीचीच. सोडा घातलेली पूड दमट देशांत गोळा होई, रंग बदले. म्हणून १९८४ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नुस्ख्यात सोड्याऐवजी सायट्रेट आलं, ते जास्त टिकतं म्हणून. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या, लिटरभर पाण्याच्या पुडीत साडेवीस ग्रॅम पूड असते. ती फोडून अर्धी आज, अर्धी उद्या असं कधी करू नये. चार वेगवेगळ्या कणांची ती पूड आहे. वरच्या अर्ध्यात आणि खालच्या अर्ध्यात सारखंच मीठ असेल याची खात्री नसते. अख्खी पुडी, लिटरभर पाणी. उरेल ते चोवीस तासांनी ओतून द्यायचं.

घरी पूड वाटून घेताना हेच ध्यानात ठेवावं लागतं. डबा गाडीतून हिंदकळत आलेला असतो. बारीक कण फटींतून खाली सरकतात, जाडे वर राहतात. म्हणून झाकण उघडण्याआधी डबा आडवा धरून सावकाश लोळवावा, मग थोडा वेळ बसू द्यावा. पूड वाटताना पंखा बंद, हात आणि ताट कोरडं ठणठणीत. एकाच जातीची पावडर असेल तर एवढं पुरतं. वेगवेगळ्या पावडरी एकत्र मिसळून ‘रोज एक चमचा’ असं सोयीचं मिश्रण करून ठेवणं मात्र मला अजिबात मान्य नाही. औषधशाळेत थोडक्या औषधात तेवढीच दुसरी पूड, मग त्या सगळ्याइतकी आणखी, असं दुपटीदुपटीनं खलून ते एकजीव करतात. स्वयंपाकघरात उलथन्यानं ढवळून ते साधत नाही. आणि त्यातली एखादी बंद करायला डॉक्टरांनी सांगितलं, तर मिसळलेली पूड वेगळी काढता येत नाही.

चमच्याची गोष्ट तर फारच नाजूक. डब्यात कंपनीचा मापाचा चमचा एकच असतो, बहुतेक वेळा पार तळाशी पुरलेला. डबा दोन घरांत वाटला की चमचा एका घरी जातो आणि दुसऱ्या घरी माप उरत नाही. तिथे मग पोहे खायचा चमचा पुढे येतो. एका घरचा तो चमचा खोलगट, दुसरीकडचा उथळ. एकाचा हात सपाट भरणारा, दुसऱ्याचा शीग लावणारा. शिवाय पूड नव्या डब्यात फुगीर असते आणि बसत जाईल तशी दाटते, म्हणजे त्याच चमच्यात महिन्याअखेर जास्त वजन मावतं. व्हे पावडरीच्या एका मापात साधारण ३० ग्रॅम पूड असते; तिथे दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे झाले तर निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. तरी मी गावी पाठवताना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेका दिवसाच्या पुड्या तोलते. वडिलांना सकाळी चमचा, शीग, सपाट, काही आठवावं लागत नाही. एक पुडी फोडायची, एवढंच.

पूर्वी सोनार आणि वैद्य एकाच मापात बोलत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे आजच्या हिशेबानं सव्वाशे मिलिग्रॅमच्या जरा आत. इतकं हलकं माप आपल्या बोलण्यात रुळलेलं होतं, कारण इतक्या हलक्या वजनावर माणसाचं बरंवाईट अवलंबून असतं हे ठाऊक होतं. ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी घ्या. वर लिहिलेलं असतं ६०,००० युनिट. चाळीस युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या एक ग्रॅमच्या पुडीत खरं जीवनसत्त्व दीड मिलिग्रॅम. बाकी सगळी त्याला वाहून नेणारी भुकटी. गुंजेच्या ऐंशीव्या भागाएवढा तो ऐवज डोळ्यांना दिसत नाही, चमच्यानं वाटता येत नाही. ही पुडी फोडून कुठल्याही डब्यात ओतू नये, तिचे भाग करू नयेत, आणि डॉक्टरांनी आठवड्याला एक सांगितली असेल तर ती आठवड्यालाच घ्यावी. रोज घेणारी माणसं रक्तातलं कॅल्शियम वाढून, उलट्या, गोंधळलेलं डोकं आणि दुखावलेली मूत्रपिंडं घेऊन इस्पितळात येतात. दुधात घालून प्यायची गोड, पांढरी भुकटी इतकी बलवान असेल असं कुणाला वाटत नाही, म्हणून हे मी भेटेल त्याला सांगते.

आता पावसाळा. जून लागला की कोकणात हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाऊन बसते आणि सप्टेंबरपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, काड्यापेटी पेटत नाही. पोषक पावडरींत दुधाची साखर, ग्लुकोज, फळांच्या अर्कांची भुकटी असलं पाणी ओढणारं बरंच काही असतं. त्या सादळतात. आधी बोटानं दाबलं की फुटणाऱ्या मऊ गुठळ्या होतात. तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. पुढे चमचा न शिरणारी घट्ट ढेप होते, रंग पिवळट-तपकिरी होतो, वास बदलतो. ओल आणि उबेत प्रथिनं आणि दुधातली साखर एकमेकांशी जोडली जातात आणि लायसिन नावाचं गरजेचं अमिनो आम्ल कमी होत जातं. म्हणजे ज्यासाठी पावडर आणली तेच त्यातून जातं. बुरशी केव्हा धरते याचंही माप आहे. पदार्थातलं मोकळं पाणी शून्य ते एक या पट्टीवर ०.६ च्या खाली असेपर्यंत बुरशी वाढू शकत नाही. एक ओला चमचा आत गेला तर तेवढ्या जागेपुरती ही मर्यादा ओलांडली जाते, आणि बुरशीला तेवढी जागा पुरते.

आजीच्या फडताळात चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधलेला असे. धुतलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा तोंडावर ताणून, सुतळीनं आवळून, त्यावर झाकण. मसाल्यात हिंगाचा खडा, तांदळात कडुलिंबाचा वाळला पाला. मोठ्या बरणीला फक्त ती हात लावी, आणि तीही आंघोळ झाल्यावर, कोरड्या हातानं. आठवड्यापुरता मसाला छोट्या डबीत काढला जाई आणि स्वयंपाकाला ती डबी वापरात राही. साठ्याची बरणी वेगळी आणि रोजची डबी वेगळी, या एका नियमात पावडरींच्या साठवणीचं जवळजवळ सगळं शास्त्र आलं. मी तेच करते. मोठा डबा उघडला की लगेच छोट्या, काठोकाठ भरतील अशा कोरड्या काचेच्या बरण्यांत पावडर भरायची. काठोकाठ यासाठी की आत मोकळी हवा कमी राहते. एका वेळी एकच बरणी उघडायची. ती बिघडली तरी बाकीच्या शाबूत.

जागेविषयी थोडं. गॅसच्या वरची फळी हाताशी असते आणि म्हणूनच तिथे डबे जाऊन बसतात. पण कुकरची वाफ थेट तिथेच चढते. खिडकीतल्या उन्हातही नको, काही जीवनसत्त्वं उजेडानंच मरतात. फ्रिज सगळ्यांना लागत नाही. जवसाची पूड, अळिवाची पूड यांसारख्या तेलकट पुडी फ्रिजमध्ये ठेवाव्यात, नाहीतर लवकर खवट होतात. खरं तर त्या थोड्याथोड्या दळाव्यात. पण फ्रिजमधली बरणी काढल्याकाढल्या उघडली की बाहेरच्या हवेतली वाफ थंड पुडीवर पाणी होऊन बसते. बरणी आधी खोलीइतकी कोमट होऊ द्यावी, मग झाकण काढावं. डब्यात आलेली सिलिका जेलची पुडी फेकू नये, फोडूही नये. ती तशीच नव्या बरणीत जावी, पण लहान मूल आणि डोळ्यांना कमी दिसणारं म्हातारं माणूस घरात असेल तर ती खायची नाही हे बरणीवर लिहून. सिलिका जेलचे सुटे निळे मणी विकत आणून खाण्याच्या बरणीत टाकू नयेत. त्या निळ्या रंगासाठी कोबाल्टचा क्षार वापरलेला असतो. भाच्याच्या क्रिएटिनचं तंत्र सोपं: कोरडं असेपर्यंत ते फार टिकाऊ, पाण्यात घातलं की हळूहळू क्रिएटिनिन बनू लागतं. तेव्हा रात्री भिजवून सकाळी प्यायचं काही कारण नाही. आणि इसबगोल पेलाभर पाण्यासोबतच. कोरडी भुकटी घशात फुगली तर घास अडकतो, म्हणून आईच्या बरणीवर मी पाण्याचा पेला काढूनच ठेवला आहे.

इतकं सगळं नीट केलं तरी एक गोष्ट मूळ डब्याबरोबर जाते, आणि माझ्या मते ती पुडीतल्या ऐवजाइतकीच मोलाची आहे: डब्यावरचा मजकूर. व्हे, क्रिएटिन, ग्लुकोज, खाण्याचा सोडा, पिठीसाखर, कॅल्शियमची भुकटी, सगळं पांढरं. बरणीत गेल्यावर त्यांना वेगळं ओळखणारं काही उरत नाही. पूरक आहाराच्या उत्पादनांसाठी भारतात २०१६ साली नियम झाले आणि ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. औषध म्हणून वापरू नये आणि लहान मुलांपासून दूर ठेवावं, हे डब्यावर छापणं त्यांनुसार बंधनकारक आहे. बरणीत ओतताना या सूचना, घटकांची यादी, मुदत आणि बॅच नंबर सगळं कचऱ्यात जातं. २०२४ साली केरळमधल्या डॉक्टरांच्या एका गटानं भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ ७० टक्के डब्यांवरचे प्रथिनांचे आकडे आतल्या मालाशी जुळत नव्हते. उद्या एखाद्या मालाविषयी इशारा आला, किंवा घरात कुणाला त्रास झाला, तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार: नेमकं काय घेतलंत? त्याचं उत्तर बॅच नंबरासकट देता आलं पाहिजे. म्हणून मी मूळ वेष्टन कापून एका पाकिटात ठेवते, फोटोही काढते.

आणि मग चिठ्ठी लिहायला बसते. वडिलांना इंग्रजी येतं, पण मूळ डब्यावरची अक्षरं मुंगीएवढी आणि चमकत्या कागदावर. आईला ती वाचताच येत नाहीत. आमच्या घरच्या बरणीवर मोठ्या देवनागरीत असतं: काय आहे, कुणासाठी, किती, कशातून, कधी उघडलं, कुठवर चालेल. बाबांच्या बरणीवर बाबांचं पूर्ण नाव, आईच्या बरणीवर आईचं. हे लिहिताना दुसऱ्या गावी, माझ्या गैरहजेरीत, सकाळच्या अर्धवट उजेडात बरणी हातात घेणारं माणूस मला समोर दिसतं. त्याला फोन करून विचारावं लागू नये, अंदाज करावा लागू नये, एवढीच इच्छा असते. बिस्किटांच्या, फरसाणाच्या, मुलांच्या ओळखीच्या डब्यात मी पूड भरत नाही. मुलं चित्र बघून डबा उघडतात. लोहाच्या गोळ्या-पुड्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकी-सुनांसाठी मेतकूट, सुंठ, नाचणीचं सत्त्व बांधून देताना हीच काळजी कामाला येते. अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरच्या वरची पूड असेल तर २०१८ पासून तिची वेगळी तपासणी होते. नाव नसलेली पांढरी पिशवी तिथे कुणाला आवडत नाही. मूळ पाकीट, बंद तोंड आणि स्पष्ट अक्षरात नाव, आणि जमलं तर मोठ्या बॅगेत.

आता एवढं कराच. एक दिवस फळीवरच्या, फ्रिजच्या दारातल्या, कपाटाच्या मागच्या सगळ्या बरण्या टेबलावर उतरवून घ्या. जिचं नाव घरात कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, ती पूड कितीही महागाची असली तरी चाखून पाहू नका, टाकून द्या. जिची ढेप झाली आहे, रंग वा वास बदलला आहे, तीही. उरलेल्यांवर त्याच बैठकीत नाव, माप आणि तारीख लिहा. कुणाचं औषध चालू असेल, मूत्रपिंडाचा वा यकृताचा त्रास असेल, घरात बाळंतीण किंवा गरोदर बाई असेल, तर ती यादी डॉक्टरांना दाखवा. आणि जी बरणी दुसऱ्या घरी पाठवायची आहे, ती पोचल्यावर फोन करा आणि वरची चिठ्ठी समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.